टीव्हीची पिक्चर ट्यूब हा पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटर, मग परवाना नेमका कुठून सुरू होतो?

फोंड्याचा_मास्तर | ५ डिसेंबर २०२३, २१:१४

मंडळी, प्रश्न शाळेतला आहे, उत्तर मात्र बहुतेक मुंबईच्या अणुशक्तिनगरात दडलंय.

मी फोंडा तालुक्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. विज्ञान प्रदर्शनासाठी तीन पोरांनी भंगारात निघालेला २१ इंची रंगीत टीव्ही आणला. मागचं झाकण काढून टाकलं, पिक्चर ट्यूबची मान दिसेल असा टेबलावर आडवा ठेवला आणि मागे तक्ता लावला, 'आमचा पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटर'. इलेक्ट्रॉन कुठून सुटतात, कशाने वेग घेतात, कुठली कॉइल त्यांना वळवते, सगळं रंगीत बाणांनी. मला आवडलं. चुकीचं त्यात काहीच नव्हतं.

शाळेतल्या तालमीला एक परीक्षक बाहेरून बोलावले होते. तक्ता वाचून ते म्हणाले, "अ‍ॅक्सिलरेटरला एईआरबीचं लायसन्स लागतं. आहे का?" एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. पोरं गार. आमच्या मुख्याध्यापिका बाई त्याहून गार. मी हसण्यावारी न्यायला गेलो, तर ते म्हणे, "मास्तर, नाव तुम्ही दिलंय, मी नाही."

रात्री बसून १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखालचे २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम उघडले. लायसन्स लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत 'संशोधन आणि उद्योगासाठीचे पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटर' असं स्पष्ट लिहिलंय. रेडिओथेरपीचे अ‍ॅक्सिलरेटर वेगळ्या ओळीत. पण अमुक व्होल्टच्या वर अ‍ॅक्सिलरेटर, खाली खेळणं, असा आकडा त्या यादीत काही दिसेना.

तर रेघ कुठे आहे? टीव्ही, दाताच्या डॉक्टरांचं एक्स-रे मशीन, कॅन्सरचं मशीन, इंदूरचं संशोधनाचं मोठं यंत्र इंडस-२. चौघंही इलेक्ट्रॉनच पळवतात.

---

काडेपेटी | २१:२०

रेघ सरकारी आहे. बांधकाम आधी, रेघ नंतर. किनाऱ्यावरच्या सीआरझेडसारखी.

---

अनु_साखळी | २१:३१

रुमाल टाकून ठेवते. सासूबाईंची रेडिएशन नुकतीच संपलीत, त्या मशीनला पण अ‍ॅक्सिलरेटरच म्हणत होते.

---

मिलिसिव्हर्ट | २२:०५

मास्तर, छान धागा. मी मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे अनुताईंच्या सासूबाईंना दिलं तसलं मशीन रोज सकाळी तपासून मगच डॉक्टरांच्या ताब्यात देणारा माणूस. त्यामुळे यादीतली ती दुसरी ओळ माझी रोजीरोटी.

तुम्ही आकडा शोधताय, तिथेच गाडी अडलीय. ती यादी मशीनच्या ताकदीवर लावलेली नाही, कामावर लावलीय. पुरावा त्याच पानावर आहे. साध्या एक्स-रेला रजिस्ट्रेशन पुरतं, सीटी स्कॅनला मात्र लायसन्स. दोन्हीकडे ट्यूब त्याच जातीची, व्होल्टेजही जवळपास त्याच घरातलं, शंभर-सव्वाशे किलोव्होल्ट. मग सीटीला वरचा पाट का? तर पेशंटला मिळणारा डोस कितीतरी जास्त म्हणून. म्हणजे १२० किलोव्होल्टचा सीटी आणि १५ मेगाव्होल्टचा लिनॅक (सरळ रेषेत इलेक्ट्रॉन पळवणारं, कॅन्सरचं मशीन) एकाच रांगेत, आणि त्याच १२० किलोव्होल्टवर छातीचा फोटो काढणारं मशीन खालच्या रांगेत.

नावापुरतं म्हणाल तर एक्स-रे ट्यूबही अ‍ॅक्सिलरेटरच. पोकळीत इलेक्ट्रॉन, पुढे धन टोक, वाटेत वेग, शेवटी टंगस्टनवर आपटणं. पण तिला एक्स-रे उपकरण म्हणून आधीच वेगळी खोली दिलीय, म्हणून कोणी अ‍ॅक्सिलरेटर म्हणत नाही.

---

काडेपेटी | २२:११

थोडक्यात, पेडण्यात आडनाव विचारतात, काणकोणात गाव विचारतात. माणूस तोच.

---

डिचोलीकर_सध्या_टेक्सास | ६ डिसेंबर, ०४:४०

इथे अमेरिकेत आकडा आहे. इथल्या अणू नियामक आयोगाच्या नियमांतली व्याख्या साधारण अशी: इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, ड्यूटेरॉन (जड हायड्रोजनचा अणुगर्भ) किंवा इतर विद्युतभारित कणांना निर्वातात वेग देऊन, निघणारं रेडिएशन एखाद्या माध्यमात सोडू शकणारं यंत्र, आणि ऊर्जा 'सहसा' १ एमईव्हीच्या (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) वर.

त्या 'सहसा' शब्दावर वकिलांची पोरं शिकून मोठी झाली असतील.

गंमत म्हणजे व्याख्या आयोगाची असली तरी मशीनवर हुकूम आयोगाचा नाही, राज्यांचा आहे. २००५ च्या ऊर्जा कायद्याने आयोगाला मिळालं ते मशीनमधून तयार होणारं किरणोत्सारी द्रव्य. मशीन राज्याचं, माल केंद्राचा. आपल्याकडच्या खाणींवरून असले वाद ऐकत मोठा झालो, त्यामुळे इथे आल्यावर परकं वाटलं नाही.

---

फोंड्याचा_मास्तर | ०७:०२

१ एमईव्ही! मग टीव्ही सुटला. आमचा २५ हजार व्होल्टचा, म्हणजे २५ केईव्ही. चाळीस पटीने खाली. परीक्षकांना हेच सांगतो.

---

मिलिसिव्हर्ट | ०७:४८

नका सांगू, पंचाईत होईल. १९३२ मध्ये केंब्रिजला कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमचा अणुगर्भ प्रोटॉन मारून फोडला, ते मशीन आठ लाख व्होल्टांच्या आतलं होतं. १ एमईव्हीची पट्टी लावली तर माणसाने बनवलेल्या वेगाने पहिल्यांदा अणुगर्भ फोडणारं यंत्रच अ‍ॅक्सिलरेटर ठरत नाही.

---

डिचोलीकर_सध्या_टेक्सास | ०८:१५

त्याच्याही खालचं उदाहरण माझ्या पोटापाण्याचं आहे. तेलविहिरीत खडक तपासायला नळीसारखं एक यंत्र सोडतात. आत ड्यूटेरॉनना साधारण १०० किलोव्होल्टचाच धक्का देऊन ट्रिशियमवर (त्याहून जड हायड्रोजनवर) आपटवतात. १०० म्हणजे दाताच्या एक्स-रेहून थोडं वर. पण बाहेर पडतात १४ एमईव्हीचे न्यूट्रॉन. कण पळवायला लागली तेवढीच ऊर्जा बाहेर येते असं कुठे आहे? बाकीची अणुगर्भ देतो. यंत्र हाताच्या लांबीचं, पण चालू असताना त्याच्या शेजारी उभं राहायची माझी तयारी नाही. विहिरीत खाली गेल्याशिवाय आम्ही ते सुरूच करत नाही.

तर १ एमईव्हीच्या रेघेखालून हे सुळकन निसटतं. भारतातल्या यादीत यासाठी काही आहे का मास्तर?

---

फोंड्याचा_मास्तर | ०८:३३

आहे! आत्ता परत बघितलं. 'न्यूट्रॉन जनरेटर' म्हणून अ‍ॅक्सिलरेटरच्या लगेच खाली वेगळी ओळ. काल मला वाटलं, एकच गोष्ट दोनदा का लिहिलीय.

---

चिरेबंदी | १०:२०

सिव्हिलवाला बोलतो. व्याख्या काय ते मला ठाऊक नाही, पण अ‍ॅक्सिलरेटर कशाला म्हणतात ते मला भिंतीवरून कळतं. भिंत दोन मीटरच्या पुढे गेली की अ‍ॅक्सिलरेटर. हलकेच घ्या.

एका हॉस्पिटलच्या बंकरचं काम केलं होतं. मालकांचे मेहुणे साइटवर येऊन म्हणाले, "एवढं काँक्रीट कशाला, आपला चिरा घाला, पोर्तुगीजांचे किल्ले उभे आहेत चिऱ्यावर." बरोबर आहे, पण किल्ल्याला गोळा अडवायचा होता, इथे फोटॉन अडवायचे. चिऱ्याला भोकंच भोकं, एका खाणीचा दगड दुसऱ्या खाणीसारखा नाही. घनता किती धरायची? नकाशात काँक्रीट २.३५ चं लिहिलं की ते तितकंच भरलं पाहिजे, क्यूब काढून वजन करून दाखवायचं. बीम ज्या भिंतीवर थेट पडते ती सर्वांत जाड. मधे सांधा नको म्हणून ओतकाम सलग. आम्ही पहाटे चारला सुरू केलं, रात्री नऊला संपलं, आणि शेवटच्या तासाला पाऊस. ताडपत्री धरून उभे होतो, इंजिनियर आणि हेल्पर एकाच रांगेत. वायरींचे पाइपसुद्धा सरळ न्यायचे नाहीत, तिरके, म्हणजे भिंतीत आरपार फट राहत नाही.

आणि हे सगळं मशीन यायच्या आधी. आधी जागा आणि नकाशा मंजूर, मग मशीन घ्यायची परवानगी, मग चाचण्या, मग चालवायचं लायसन्स. सगळं एईआरबीच्या ई-लोरा पोर्टलवर.

---

पर्वरीतली_वहिनी | ११:०५

आमच्या कॉलनीच्या मागे असंच एक येणार म्हणून मीटिंग झाली होती. एक काका उठून म्हणाले, हे जिनिव्हाच्या महायंत्रासारखं आहे, ब्लॅक होल तयार होईल. दुसरे म्हणाले, विहिरीचं पाणी बिघडेल. मी तरी काय, घाबरून सही केली विरोधाच्या कागदावर. आता हे वाचून जरा कसंतरी होतंय.

---

मिलिसिव्हर्ट | ११:४०

वहिनी, घाबरणं समजू शकतो, 'न्यूक्लियर' शब्द आला की सगळ्यांचं तसंच होतं. विहिरीची काळजी मात्र सोडा. बीम बंद केली की रेडिएशन बंद, बल्ब बंद केल्यावर उजेड बंद होतो तसं. पाण्यात मिसळायला तिथे काही शिल्लकच नसतं. जुन्या कोबाल्ट मशीनचं तसं नव्हतं. त्यातलं कोबाल्ट-६० रात्रंदिवस जळतंच राहतं, म्हणून डब्यात कोंडून ठेवावं लागतं. भिंतीपलीकडच्या सर्वसामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्ट डोसच्या आत, या हिशोबावर ती दोन मीटरची भिंत काढलेली असते.

---

चिरेबंदी | ११:५२

सर, बीम बंद म्हणजे सगळं बंद हे आम्हालाही सांगितलं होतं. मग मशीन बंद झाल्यावर टेक्निशियन दारात दोन मिनिटं का थांबायचा?

---

मिलिसिव्हर्ट | १२:३०

पकडलंत. वहिनींसाठी सोपं केलं, ते जरा जास्तच सोपं झालं.

साधारण १० मेगाव्होल्टच्या वर गेलं की फोटॉन मशीनच्या डोक्यातल्या जड धातूंतून न्यूट्रॉन काढू लागतात. म्हणून वरच्या ताकदीच्या खोलीच्या दारात शिशाबरोबर बोरॉन घातलेलं पॉलिथिन असतं. हे न्यूट्रॉन आसपासच्या धातूला थोडा वेळ किरणोत्सारी करतात. अ‍ॅल्युमिनियम-२८ होतं, ते सव्वादोन मिनिटांत निम्मं होतं. म्हणून ते थांबणं. ६ मेगाव्होल्टच्या मशीनला ही भानगड नाही. पेट स्कॅनला लागणारं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बनवणारं सायक्लोट्रॉन (कण गोल फिरवत पळवणारं यंत्र) असेल तर याच्या पलीकडची कहाणी, तिथे आतले भाग खूप वर्षं तापलेले, म्हणजे किरणोत्सारी, राहू शकतात, मशीन मोडीत काढतानासुद्धा त्याचा विचार लागतो.

म्हणजे मास्तर, रेघा ओढायच्याच तर मी तीन ठिकाणी ओढीन. बाहेर काही निघतं का? न्यूट्रॉन निघतात का? आणि बंद केल्यावर मागे काही उरतं का? तुमच्या टीव्हीची गाठ फक्त पहिल्या प्रश्नाशी.

---

काडेपेटी | १२:३६

माझं लग्न तिसऱ्या रेघेच्या पलीकडे आहे. बंद केल्यावरही खूप वेळ तापलेलं राहतं.

---

वेर्ण्याची_क्यूसी | १३:१०

काडेपेटी, घरी हा धागा दाखवा, मग कळेल डोस.

विषयाला धरून: मी वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आमच्याकडे पावडरचे स्फटिक बघायचं एक्स-रे डिफ्रॅक्शनचं मशीन आहे, ४० किलोव्होल्टचं. दिसायला फ्रिजसारखं, दार उघडलं की शटर आपोआप बंद. त्याचीही नोंद ई-लोरावर करावी लागली. आमच्या प्लांट हेडना पटेना. "आपण काय बॉम्ब बनवतो?" असं विचारलं त्यांनी. आणि कँटीनमध्ये मायक्रोवेव्ह आहे त्यावर मात्र कोणीतरी 'रेडिएशनपासून सावध' असा कागद चिकटवलाय.

---

सागरतळ | १३:४४

मायक्रोवेव्हची गंमत अशी की त्यातही इलेक्ट्रॉन पळतात. मॅग्नेट्रॉनमध्ये साधारण ४ किलोव्होल्टवर, पोकळीत, चुंबकात गोल गोल. शब्दाला चिकटून बसलात तर तुमच्या कँटीनमध्ये अ‍ॅक्सिलरेटर आहे. परवाना का नाही? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सुरक्षा मानकात सवलतीची जी कलमं आहेत त्यात एक असं की निघणाऱ्या रेडिएशनची जास्तीत जास्त ऊर्जा ५ केईव्हीच्या आत असेल तर सोडून द्या. एवढा मऊ एक्स-रे तांब्याच्या कवचातून बाहेरच येत नाही.

आणि मास्तर, दुसरं कलम तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. नियामकाने मान्य केलेल्या प्रकारचं उपकरण किंवा इलेक्ट्रॉनिक ट्यूब, उदाहरणार्थ चित्र दाखवणारी कॅथोड रे ट्यूब, नेहमीच्या वापरात कुठल्याही हात पोचेल अशा पृष्ठभागापासून १० सेंटिमीटरवर तासाला १ मायक्रोसिव्हर्टच्या वर जात नसेल तर सवलत. टीव्हीचं नावच घेतलंय जवळजवळ.

---

फोंड्याचा_मास्तर | १३:५९

सागरतळ, तुम्हाला शिरा-पुरी लागू. पण 'नेहमीच्या वापरात' हे शब्द खटकले. आमच्या पोरांनी झाकण काढलंय.

---

सागरतळ | १५:२०

बरोबर खटकलं.

माझं एक अवांतर ऐकून घ्या, मला हा प्रश्न कामातून पडलेला आहे. मी दोनापावलाला समुद्रतळाच्या गाळावर काम करते. गाळातून फोरामिनिफेरा या एकपेशीय समुद्री जिवांची कवचं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ब्रशने उचलायची, पाण्यात बुडवलेल्या तीन केसांच्या ब्रशने, आणि काही मिलिग्रॅम जमली की कार्बन-१४ ने वय काढायला पाठवायची. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात त्यासाठी ५०० किलोव्होल्टचं मशीन आहे. आधी ऋण कार्बन आयन ५०० किलोव्होल्टने आत खेचतात, मधे इलेक्ट्रॉन काढून घेऊन त्याचा धन आयन करतात, मग तेच टोक त्याला बाहेर ढकलतं. एकाच व्होल्टेजचा दोनदा फायदा. एक भार असलेला आयन बाहेर पडतो तो १ एमईव्हीच्या आसपास. म्हणजे डिचोलीकरांच्या अमेरिकन कुंपणावर अगदी पाय दोन्हीकडे सोडून बसलेला.

आणि धोका? १ एमईव्हीचा कार्बन कागदाच्या जाडीत थांबतो. असल्या मशीनभोवती जो काही एक्स-रे मोजतात तो त्या कार्बनचा नसतो, उलट्या दिशेने चुकून पळालेल्या भटक्या इलेक्ट्रॉनांचा असतो. ज्या कणाच्या नावाने मशीन, तो निरुपद्रवी. ज्याला कोणी बोलावलं नाही, तो मोजायचा.

---

डिचोलीकर_सध्या_टेक्सास | १९:०५

सागरतळताईंचा मुद्दा इथल्या ऊर्जा खात्याने पकडलाय असं मला वाटतं. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळांसाठी अ‍ॅक्सिलरेटर सुरक्षेचा जो आदेश आहे त्यात १ एमईव्हीची अट धरलेली नाही. विद्युत किंवा विद्युतचुंबकीय क्षेत्राने कणांना वेग देणारं आणि 'रेडिएशन क्षेत्र तयार करू शकणारं' उपकरण, अशी व्याख्या. क्षेत्र म्हणजे किती त्याचा आकडा ठरलेला, ३० सेंटिमीटरवर तासाला ०.०५ मिलिसिव्हर्टच्या वर. मशीनच्या कुंडलीपेक्षा मीटर काय म्हणतो ते बघा, असा कारभार. शिवाय वैद्यकीय नसलेली, १० एमईव्हीपर्यंतची एक्स-रे यंत्रं त्या आदेशातून वगळली. ती मोकाट सोडली असं नाही, दुसऱ्या नियमांच्या दावणीला बांधली.

---

झुआरीकाठ | १९:३०

मी काही वर्षं न्हावा शेवाला होतो. कंटेनर स्कॅनर हा पण लिनॅकच, ६ किंवा ९ एमईव्हीचा. पोलादी पेटीच्या आत काय आहे ते दिसतं. ट्रकवाल्यांना कोणी अ‍ॅक्सिलरेटर सांगत नाही, 'फोटो काढायचाय' म्हणतात. एका ड्रायव्हरने केस विंचरले होते.

---

आमराई_बार्देस | १९:४१

आंब्यावर मारतात ते पण हेच का? आमच्या मानकुरादला परदेशी पाठवायचं तर?

---

मिलिसिव्हर्ट | २०:०२

लासलगावला आंब्यावर मारतात तो कोबाल्ट-६० चा गॅमा, तिथे अ‍ॅक्सिलरेटर नाही. पण इलेक्ट्रॉन बीमनेही अन्नावर प्रक्रिया होऊ शकते, त्याला जगभर वरची मर्यादा १० एमईव्ही. का? त्याच्या वर गेलं तर अन्नातच किरणोत्सारिता तयार व्हायची शंका. मघाशी म्हटलेल्या तिसऱ्या रेघेची काळजी इथेही.

---

आमराई_बार्देस | २०:०९

मानकुराद पेटीत भरण्याआधीच गोव्यात संपतो, त्यामुळे चिंता नाही.

---

टीव्हीवाले_आबा | २१:५०

मी म्हापशाला ३४ वर्षं टीव्ही दुरुस्ती केली. सगळा धागा वाचला. तुम्ही सगळे रेडिएशनबद्दल बोलताय, आणि मास्तर, तुमच्या टेबलावर पोराचा जीव घेणारी वस्तू दुसरीच आहे.

पिक्चर ट्यूबच्या पाठीवर एक लाल किंवा करडी रबरी टोपी असते, बशीएवढी. तिच्यात २५ हजार व्होल्ट. टीव्ही बंद केला, पिन काढली, तरी काच कपॅसिटरसारखी भार धरून बसते. मी लांब स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून, वायर चेसिसला लावून, एक हात खिशात घालून टोपीखाली टोक सरकवायचो. 'टच्' असा आवाज येतो आणि निळी ठिणगी. खिशातला हात महत्त्वाचा, दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. माझा हेल्पर एकदा विसरला, मागे जाऊन कपाटावर आपटला, कपाटाची काच लागून सात टाके. आणि मानेवर हात पडून ट्यूब फुटली तर काच आतल्या बाजूला ओढली जाऊन मग चहूकडे उडते.

रेडिएशनचं म्हणाल तर समोरची काच आणि नरसाळ्याची काच उगाच जड नसते, शिसं, बेरियम वगैरे घातलेलं असतं. पण ते ठरलेल्या व्होल्टेजसाठी. सर्किट बिघडून व्होल्टेज वर चढलं की काही सेटमध्ये बंद पडायची सोय केलेली असायची. ती तोडून सेट चालू करून देणारे मेकॅनिक मी बघितलेत. गिऱ्हाईक खूश, चित्र झकास.

---

मिलिसिव्हर्ट | २२:१५

आबा, दंडवत. ती सोय अशीच आलेली नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या रंगीत टीव्हींतून जास्त एक्स-रे निघतात असं सापडलं. दोष पिक्चर ट्यूबचा नव्हता, आतल्या व्होल्टेज आवरणाऱ्या दुसऱ्या ट्यूबचा. पुढच्याच वर्षी तिथे त्यासाठी कायदा झाला आणि त्याखाली पुढे ५ सेंटिमीटरवर तासाला अर्धा मिलिरोंटजेन (रेडिएशनचं जुनं माप) ही मर्यादा बसली. म्हणजे तेव्हापासून टीव्हीसुद्धा नियमाच्या बाहेर नव्हता, फक्त तो नियम कारखान्याच्या दारात पाळून घेतला जातो. तुमच्या दिवाणखान्यात कोणी तपासायला येत नाही, कारण तपासणी आधीच झालीय. झाकण काढलं, व्होल्टेज वाढवलं की ती तपासणी तुमच्यापुरती रद्द.

---

काडेपेटी | २२:२४

एवढं सगळं कागदोपत्री, तरी काही होत नाही. उगाच बॅज लावून फिरतात.

---

मिलिसिव्हर्ट | २२:५८

होतं. कॅनडात बनलेल्या थेरॅक-२५ या मशीनने १९८५ ते ८७ मध्ये निदान सहा पेशंटना भयंकर जास्त डोस दिला, माणसं गेली. लायसन्स होतं, भिंती जाड होत्या. चूक संगणकाच्या प्रोग्राममध्ये होती आणि जुन्या मशीनमधली यांत्रिक अडसरं काढून टाकली होती.

अंगावर पडलेला डोस मोजणाऱ्या बॅजचं म्हणाल तर माझाच किस्सा. पूर्वी जिथे काम करत होतो तिथे तीन महिन्यांनी बॅज मोजायला गेले आणि आमच्या एका सिस्टरच्या बॅजवर असा आकडा आला की सगळ्यांचे चेहरे पडले. पत्र, चौकशी, रक्ततपासणी. ती रडकुंडीला. दहाव्या दिवशी कळलं, तिचा एप्रन खोलीच्या आत खुंटीवर राहिला होता, खिशाला बॅज, आणि दुपारभर पेशंट चालू. डोस एप्रनला मिळाला. मी तेव्हा हसलो नाही. पण त्या खुंटीवर आजही कोणी काही अडकवत नाही.

---

अनु_साखळी | २३:१०

सासूबाईंना आत एकटं सोडून सगळे बाहेर पळतात याचा त्यांना फार राग होता. "मला टाकून पळतात मेले" म्हणायच्या. आता समजावते.

---

शब्दवेल्हाळ | ७ डिसेंबर, ०९:१५

अ‍ॅक्सिलरेटर काय, लिनॅक काय. मराठीत 'कणवेगवर्धक' असा छान शब्द आहे.

---

काडेपेटी | ०९:१८

तक्त्यावर 'कणवेगवर्धक' लिहिलं असतं तर परीक्षकांना काही कळलं नसतं आणि धागाही निघाला नसता.

---

फोंड्याचा_मास्तर | ०९:४०

+१००. हा उपाय मला सुचायला हवा होता.

बरं, आता कामाचं. मी काय समजलो ते चुकलं असेल तर सांगा. टीव्ही जसा कारखान्यातून आला तसा चालवला तर कोणी परवाना मागायला येणार नाही. उघडून मांडला तर परवान्याचा प्रश्न राहू दे, मी मास्तर म्हणून गुन्हेगार. म्हणून झाकण परत बसवतो. पण मग मुलांनी दाखवायचं काय? बंद खोक्यात इलेक्ट्रॉन पळतात यावर कोण विश्वास ठेवणार?

---

सागरतळ | १०:२५

एखाद्या कॉलेजकडून इलेक्ट्रॉनचा भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढायची काचेची गोल ट्यूब मागा. दोन-तीनशे व्होल्टवर चालते. अंधारात निळसर-हिरव्या धाग्यासारखा इलेक्ट्रॉनांचा झोत दिसतो, कॉइलला करंट दिला की वळून गोल होतो. ५ केईव्हीच्या कितीतरी खाली, आणि नजरेला दिसणारा. फक्त जुन्या शाळांच्या कपाटातल्या इंडक्शन कॉइलवर चालणाऱ्या डिस्चार्ज ट्यूब काढू नका. त्यांच्यातल्या काही खरोखर एक्स-रे टाकतात, पातळ काच, आणि व्होल्टेज किती ते कोणालाच माहीत नसतं.

---

टीव्हीवाले_आबा | १३:०५

आणि टीव्ही दाखवायचाच असेल तर माझ्याकडे १४ इंची काळा-पांढरा पडून आहे, झाकणासकट. समोरून स्पीकरचं चुंबक फिरवा, चित्र मळल्यासारखं ओढलं जातं. इलेक्ट्रॉन वळतात ते पोरांना तिथेच दिसेल. रंगीतला मात्र चुंबक लावू नका, आतली जाळी चुंबकते आणि रंगाचे डाग बसतात. असले डाग काढून मी पोरांची शिक्षणं केली. मास्तर, शनिवारी दुपारनंतर या, जेवूनच जा.

---

फोंड्याचा_मास्तर | १७ डिसेंबर, २०:१०

उशिरा कळवतोय. आबांचा टीव्ही आणि एका कॉलेजने दिलेली ट्यूब, दोन्ही मांडलं. तक्त्याचं नाव बदललं: 'हे तीन अ‍ॅक्सिलरेटर, परवाना कुणाला?' मायक्रोवेव्ह, टीव्ही, लिनॅक अशी तीन चित्रं आणि खाली मिलिसिव्हर्ट यांचे तीन प्रश्न. तेच परीक्षक आले. त्यांनी पोरांना न्यूट्रॉन जनरेटरचं विचारलं, म्हणजे ते हा धागा वाचतात असा मला दाट संशय आहे. पोरीने १०० किलोव्होल्टमधून १४ एमईव्ही कसे येतात ते सांगितलं.

दुसरं बक्षीस. पहिलं नारळाच्या करवंटीच्या पाण्याच्या फिल्टरला.

---

काडेपेटी | २०:१४

मी परीक्षक नाही. आधीच सांगून ठेवतो.

---

टीव्हीवाले_आबा | २०:४०

अभिनंदन पोरांचं. मास्तर, टीव्ही सवडीने आणून द्या, घाई नाही. पण रिमोट नव्हता त्याला, तुमच्या पोरांनी कुठलातरी रिमोट चिकटपट्टीने वर लावून पाठवलाय असं कळलं, तो काढून घ्या.